नवसाबाईचं नि आब्लार

भिंतीवर कप फुटला तेव्हा नवसाबाई स्वैपाकघरात तांदूळ निवडत होती. आधी वाटलं मांजरानं पाडला. पण मांजर तर तिच्या सुपाशीच बसलं होतं. मग पलीकडच्या खोलीतून दोन बायांचे आवाज यायला लागले, आणि असे चढले की बाहेर औषधाच्या रांगेत बसलेल्या बाया खोकायच्या थांबल्या.

एक आवाज पिलार शिस्टरचा. पेठ रोडला शहर संपून द्राक्षांचे मळे लागतात, तिथं तिचा कौलारू दवाखाना. दुसरा आवाज मुंबईहून आलेल्या मोठ्या मदरचा. दोघी एकाच मुलखाच्या, स्पेनच्या, म्हणून भांडण त्यांच्या बोलीत चाललं होतं. तव्यावर लाह्या फुटाव्यात तसे शब्द उडत होते. नवसाबाईला त्यातला एक कळत नव्हता, पण भांडण कशावरून ते पक्कं ठाऊक होतं. आतल्या खोलीत सुलाबाई पालथी पडली होती. नवऱ्यानं उकळतं तेल पाठीवर ओतलं होतं, अंगावर चादर टाकायची सोय नव्हती. सकाळीच तो नवरा गावातले दहा-बारा जण घेऊन आला आणि फाटकाशी ओरडून गेला होता, संध्याकाळपर्यंत बाई द्या, नाहीतर कौलं शाबूत राहायची नाहीत.

मोठी मदर लांबच लांब वाक्य बोलायची. ते संपलं की पिलार शिस्टर दोनच शब्द टाकायची.

"नि आब्लार."

मदर पुन्हा लांब बोलायची, टेबलावर हात आपटायची.

"नि आब्लार!"

नवसाबाईनं सूप खाली ठेवलं आणि खांदे वर ओढून मान आत घेतली, कासवासारखी. घरात असा आवाज चढला की पुढं काय येतं ते तिच्या हाडांना पाठ होतं. ती वाट बघत बसली. आता थोबाडीत बसेल. आता केस धरून फरफटेल. आता लाथ.

काही आलं नाही. दार उघडलं, मोठी मदर लालबुंद तोंडानं स्वैपाकघरात आली आणि म्हणाली, "नवसाबाई, दही आहे का?" मागून पिलार शिस्टर आली, तिनं फुटलेल्या कपाचे तुकडे पदर नसलेल्या झग्यात गोळा केले होते. दोघी एका टेबलावर जेवल्या. सुलाबाई होती तिथंच राहिली. संध्याकाळी कौलांवर दगड आले, एकवीस कौलं गेली, पिलार शिस्टरच्या कपाळाला तीन टाके पडले, आणि तरी सुलाबाई होती तिथंच राहिली.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची.

नवसाबाई सुरगाण्याच्या डोंगरातली. नागली आणि भात, दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर नाशिकच्या बाजूला द्राक्षाच्या छाटणीला. नवरा भिकन कामाला वाघ होता, आणि दारू प्यायला की घरातही वाघच. एकदा त्यानं जात्याचा लाकडी खुंटा उपसून तिच्या डाव्या हातावर घातला. हाड कातडीतून बाहेर आलं. मळ्यातल्या बायांनी बैलगाडीत घालून तिला पिलार शिस्टरच्या दारात आणली, सोबत बारा वर्षांची छाया, आईचा हात आपल्या परकरात गुंडाळून धरलेली. हात बसला, थोडा वाकडा बसला. भिकन न्यायला आला नाही. दुसरी बाई केली म्हणे त्यानं. दोन वर्षांनी खाणीत दरड अंगावर येऊन गेला. निरोप आला तेव्हा नवसाबाईनं कपाळ पुसलं, आंघोळ केली, आणि पोळ्या लाटायला बसली. हात चांगलाच चालला त्या दिवशी.

दवाखान्यात ती तीस माणसांचा स्वैपाक करायची. पोरं, बाळंतिणी, भाजलेल्या, मोडलेल्या. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी तिनं भाजी चिरता चिरता विचारलं, "शिस्टर, काल तुम्ही ते काय म्हणत होता? नि का काय?"

पिलार शिस्टर हसली. कपाळावर पट्टी, त्यामुळं हसताना एक भुवई वर जाईना. "नि आब्लार. म्हणजे बोलूपण नकोस. विषयच काढायचा नाही."

"एवढंच? मग त्या गप बसल्या?"

"गप नाही बसली. पण पुढं काय बोलणार? मी दारच लावलं."

"आणखी हायेत का असले शब्द?"

"खूप. 'के नो!' म्हणजे नाही म्हटलं ना एकदा. 'दे एसो नादा' म्हणजे त्यातलं काहीही नाही, शून्य. 'नि म्वेर्ता' म्हणजे मेले तरी नाही."

"मेले तरी नाय असं आमच्यातपण म्हणतात," नवसाबाई म्हणाली. "तसं म्हणलं की मारतातच पण."

शिस्टर यावर हसली नाही. सुरी घेऊन शेजारी बसली आणि वांगी चिरायला लागली. वाईट चिरायची ती वांगी, एक फोड अंगठ्याएवढी, दुसरी नखाएवढी.

नवसाबाईच्या डोक्यात मात्र ते घोळत राहिलं. आपल्याकडं "नको"ची रीत कशी आहे बघा. पाव्हणा ताटावर आडवा हात धरून "नको नको" म्हणतो, वाढणारी त्याच्या बोटांच्या फटीतून भात सोडते. नाही सोडला तर म्हणायचे, काय बाई चिक्कू आहे. लहानपणापासून हेच अंगात मुरलेलं. नको म्हणजे अजून एकदा म्हण. नको म्हणजे लाज. भिकनला ती "नको" म्हणायची तेव्हा त्यालाही तो आग्रहाचाच खेळ वाटत असेल काय? असेल. हसायचा तरी तसाच.

मग ती ते परके शब्द वापरायला लागली. कशासाठी? तर वांग्यांसाठी. सकाळी टोपली घेऊन येणारी बायडाबाई किडकी वांगी खाली दडपून आणायची. नवसाबाई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "दे एसो नादा!" बायडाबाई पोट धरून हसायची. "काय गं हे, कुठली शिवी ही?" रांगेतल्या बायाही शिकल्या. पोरं एकमेकांच्या अंगावर ओरडायची, "नि आब्लार, नि आब्लार!" दवाखान्यात ती एक मजाच होऊन बसली.

चार वर्षं अशी मजेत गेली. छाया एकोणीस वर्षांची झाली आणि नवसाबाईचा धाकटा भाऊ गेणू स्थळ घेऊन आला. मुलगा हिरामण, वणी-सुरगाणा रस्त्यावर जीप चालवायचा, जीप स्वतःची. डोंगरातल्या माणसाला स्वतःची जीप म्हणजे काय विचारता, गेणू त्या जीपच्या टपावर बसूनच आला होता. टोपी उडून गेली तरी तोंड भरून हसत होता.

बघायला आले तेव्हा छाया मागच्या दाराशी उभी राहून आईला म्हणाली, "आये, मला नको हा."

"का गं?"

"वणीच्या स्टँडावर यानं एका म्हाताऱ्याला मारलेलं मी बघितलंय. म्हातारा म्हणत होता, जागा नाय तर उतरतो. यानं टायर काढायची टॉमी घेतली आणि गुडघ्यावर घातली. म्हातारा खाली पडला तरी घालत होता. मला नको."

नवसाबाईनं दाराआडून हिरामणच्या हातांकडं बघितलं. पण बाहेर माणसं बसलेली, चहा झालेला, गेणूचं तोंड फुललेलं. ती म्हणाली, "गाडीवाली माणसं तापटच असतात गं. बायको आली की निवतात."

मग सगळ्यांसमोर हिरामणच्या चुलत्यानं विचारलं, "काय पोरी, पसंत हाय ना?" छाया खाली बघून म्हणाली, "नको."

सगळे हसले. "लाजली, लाजली!" गेणूनं मांडीवर थाप मारली. कुणीतरी साखरेची वाटी पुढं केली. नवसाबाईनं चिमूट उचलली. छायानं ओठ घट्ट मिटले होते, तर आईनं बोटानं ते उघडले आणि साखर आत घातली. तीन शब्द येत होते तिला त्या मुलखाचे, चार येत होते. सगळे वांग्यांवर खर्च केले होते.

पहिल्या वर्षी छाया दोनदा परत आली. पहिल्यांदा कानात रक्त गोठलेलं होतं. हिरामणनं कानशिलात अशी लगावली होती की पडदा फाटला, त्या कानानं पुन्हा ऐकू आलं नाही. कारण काय, तर डाळीत मीठ जास्त. दुसऱ्यांदा पाठीवर पट्ट्याचे वळ, एकावर एक, मोजता येऊ नयेत असे. दोन्ही वेळी गेणू आला, हिरामणची चुलती आली, गोडाचा डबा आला. छाया म्हणायची, "नको, मी नाय जात." चुलती तिच्या तोंडावरून हात फिरवायची. "असं म्हणायचं नसतं बाळा. चल, एक घास खा. चल, चप्पल घाल. चल, बस गाडीत." घासाघासानं, पावलापावलानं तिला जीपमध्ये नेऊन बसवायचे. रागाचा शब्द नाही, सगळं मऊ. आणि नवसाबाई फाटकाशी उभी राहून पदराला डोळे पुसायची, तीही मऊच.

पिलार शिस्टर तेव्हा एकदाच बोलली. "नवसाबाई, ती नको म्हणाली. मी ऐकलं. तू ऐकलंस?"

"ऐकलं शिस्टर."

"मग?"

त्या रात्री तिनं खरकटी भांडी तीनदा घासली.

नव्व्याण्णव साली, द्राक्षं उतरत होती तेव्हा, छाया तिसऱ्यांदा आली. कांद्याच्या ट्रकमध्ये गोण्यांवर आडवी पडून. ट्रकवाल्यानं फाटकाशी उतरवली आणि नाव न सांगता निघून गेला. खालचा जबडा एका बाजूला सरकलेला, समोरचे तीन दात नाहीत, पोटात चार महिन्यांचं होतं ते वाटेतच गेलेलं. कांद्याच्या गोण्या लाल होऊन भिजल्या होत्या. ती बोलू शकत नव्हती. नवसाबाईनं तिला उचललं. एवढी थोराड पोर, पण हातात काही वजनच लागेना.

जबडा तारेनं बांधला. नवसाबाई नागलीची पातळ पेज करायची आणि चमच्यानं तिच्या गालात सोडायची. पहिल्या दिवशी अर्धी वाटी झाल्यावर सवयीनं म्हणाली, "अजून थोडी घे." छायानं बोट हलवलं, नको. नवसाबाईनं चमचा भरून तोंडाशी नेलेला होता. तो तिथंच थांबला. ती त्या चमच्याकडं बघत राहिली, मग तो परत वाटीत ओतला. त्या दिवसापासून नवसाबाईनं जन्मभर कुणाला दुसऱ्यांदा आग्रह केला नाही.

दहाव्या दिवशी पिलार शिस्टर कागदपत्रांच्या कामाला मुंबईला गेलेली. दुपारचं वाढणं चाललं होतं. फाटकाबाहेर जीप येऊन थांबली. हिरामण, त्याचा चुलता, आणि गेणू. नवसाबाई पळी हातात घेऊनच बाहेर गेली, फाटक आतून ओढून घेतलं. कडीला कुलूप नव्हतं. कडी आणि फाटकाची सळई तिनं एकाच मुठीत धरली.

"राम राम मामी," हिरामण म्हणाला. पांढरा शर्ट, केसांना तेल. "छायाला न्यायला आलोय."

"पाणी घ्या," नवसाबाई म्हणाली. आतून कुणीतरी तांब्या दिला, तिनं सळयांमधून पुढं केला. पाणी सगळ्यांना दिलं. ते द्यायचंच असतं. तिघंही प्याले.

मग चुलत्यानं सुरू केलं. "चुकलं पोराचं. आम्ही त्याला बोललो. आता राग सोडा, विहीणबाई."

"नको."

"अहो, असं काय करता?" चुलता हसला. "तुम्ही थोरल्या. तुम्हीच पोरीला समजवायचं."

"नको म्हटलं."

गेणू पुढं आला. "बाय, लोक काय म्हणतील? चल, उघड. आम्ही आत बसतो, जेवतो, तू वाढ. मग बोलू."

बघा, तेच चाललं होतं. तीच मऊ रीत, घासाघासाची. नवसाबाईला कळलं की आणखी तीन नको म्हणाली तर चौथ्याला फाटक उघडलेलं असेल, आणि ते कसं उघडलं ते तिलाच कळणार नाही.

ती म्हणाली, "नि आब्लार."

गेणू थांबला. "काय?"

"नि आब्लार."

"हे काय आता? काय बोलतीस?"

"बोलूच नकोस असं बोलते. विषयच काढायचा नाय."

या शब्दाला आग्रह कसा करायचा हे त्या तिघांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. नको म्हटलं की पुढं काय म्हणायचं ते बापजाद्यांपासून तोंडपाठ, पण हे कुठल्या गावचं? हिरामण जीपकडं गेला. सीटखालून टॉमी काढली. पांढऱ्या शर्टाची बाही वर सारत परत आला.

"मामी, हात काढा."

"नि आब्लार."

पहिला घाव सळईवरच्या बोटांवर बसला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जागच्या जागी चेचलं, कडीवरून रक्त ओघळून तांब्यात पडलं. नवसाबाईच्या तोंडून आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. पण मूठ सुटली नाही. खरं सांगायचं तर सोडायची म्हटलं असतं तरी सुटली नसती, बोटं सळईला चिकटली होती.

"काढ म्हणतो हात!"

"के नो!" ती ओरडली.

दुसरा घाव सळयांमधून आला, खांद्याच्या हाडावर. कडकन वाजलं, आत पडवीत बसलेल्यांना ऐकू गेलं. नवसाबाई गुडघ्यांवर आली, हात वर तसाच लटकलेला. डोळ्यांपुढं पिवळं झालं. तिला खुंटा दिसला, भिकन दिसला, त्याचं हसणं दिसलं. आणि मग साखरेची वाटी दिसली, ते मिटलेले ओठ. ती तिथंच, धुळीत गुडघे टेकून, हलक्या आवाजात म्हणाली, "नि म्वेर्ता. मेले तरी नाय."

"मग मर!" हिरामणनं टॉमी डोक्याच्या वर उचलली.

"थांबा!"

छाया पडवीच्या पायरीवर उभी होती. जबड्याला तारा, शब्द दातांच्या फटीतून येत होते. "मी येते. तिला मारू नका. मी येते तुमच्याबरोबर."

हिरामणनं टॉमी खाली घेतली. चुलत्यानं सुटकेचा श्वास सोडला. "शाणी पोर. बघा, पोरीला कळतं."

नवसाबाईनं मान वळवली. दातांखाली ओठ फाटलेला, त्यातून रक्त गळत होतं. "छाया, तू आधी काय म्हणाली होतीस?"

छाया रडायला लागली.

"सांग. चहा झाला, समदे हसले, तेव्हा काय म्हणाली होतीस?"

"नको."

"मग तेच. मी आता ऐकलं."

हिरामणनं टॉमी पुन्हा उचलली. त्याच वेळी छाया वळली. पंगतीशी चुलीवरून नुकतंच उतरवलेलं आमटीचं भगुलं होतं, तीस माणसांचं. ते दोन फडक्यांनी तिनं कधी उचललं आणि फाटकापर्यंत कधी आली ते कुणी पाहिलं नाही. सळयांमधून तिनं ते त्याच्या मांड्यांवर आणि पायांवर ओतलं. उकळती तूरडाळ, वर लसणाची फोडणी. हिरामण टॉमी टाकून किंचाळत रस्त्यात लोळायला लागला, तेल लावलेलं डोकं धुळीत घासत. चुलता मागं सरला, त्याचंही धोतर पिवळं झालं. गेणूनं वाकून टॉमी उचलली. क्षणभर वाटलं हाही मारतो आता. त्यानं ती पलीकडच्या द्राक्षाच्या मळ्यात लांब भिरकावली आणि मटकन खाली बसून "बाय, बाय" करत रडायला लागला.

दवाखान्याचा नियम होता, दारात आलेल्या कुणालाही औषध द्यायचं. कंपाउंडर पोरगा घाबरून नवसाबाईकडं बघत होता. ती म्हणाली, "लाव त्याला मलम. पण फाटकाबाहेर." तर त्यानं फाटकाबाहेर बसूनच हिरामणच्या पायांना मलम लावलं, पोलीस येईपर्यंत.

हिरामण दीड वर्ष आत राहिला. सुटल्यावर पुन्हा जीप चालवायला लागला, पण पेठ रोडला कधी आला नाही. नवसाबाईची दोन बोटं काढावी लागली, उजवा खांदा कायमचा खाली आला. पुढं ही हकीकत कुणी विचारली की ती बोटांचं फारसं बोलायची नाही. म्हणायची, "तीस माणसांची आमटी गेली ओ. त्या दिवशी समद्यांना ताकभात दिला."

त्यानंतर दवाखान्यात तिचा कायदा चालू झाला. एकदाच विचारायचं. नको म्हटलं की टोपलं झाकायचं. नव्यानं आलेल्या बायांचे यात हाल व्हायचे. डोंगरातून आलेली, दोन दिवसांची उपाशी बाई रीतीप्रमाणं म्हणायची, "नको, पुरे." नवसाबाई पुढच्या ताटाकडं. बाई बिचारी बघतच राहायची. मग शेजारीण कुजबुजायची, "अगं, इथं हवं असलं तर वाढा म्हणायचं. आणि नको असलं तर नको म्हणायचं." तिसऱ्या-चौथ्या जेवणाला बाईला ते जमायचं. काहींना तर मोठ्यानं "वाढा" म्हणायला आठवडा लागायचा, आणि ते जमल्यावर त्या आणखीही काय काय मोठ्यानं बोलायला लागायच्या.

गेणू दोन वर्षांनी आला, टोपी काढून. माफी मागायची होती, पण तोंडातून निघेना. नवसाबाईनं ताट वाढलं. एक भाकर संपली.

"भाकर?"

"नको नको, बास."

तिनं टोपलं झाकलं. गेणू रिकाम्या ताटाकडं बघत बसला. डोंगरातून पायी आलेला गडी, एका भाकरीनं त्याचं काय होतंय? उपाशीच परत गेला. पुढच्या खेपेला आला तेव्हा बसायच्या आधीच म्हणाला, "बाय, मला चार लागतील."

"आत्ता कसं," नवसाबाई म्हणाली आणि पाच वाढल्या. पाचवी बहिणीची.

दोन हजार पाच साली पिलार शिस्टर थकली. डोळ्यांना दिसेना, तिला तिच्या मुलखात परत बोलावलं. जायच्या दिवशी नवसाबाईनं लोणच्याची बरणी तिच्या पिशवीत ठेवायला काढली.

"नको, नको," शिस्टर म्हणाली.

नवसाबाईनं बरणी परत फळीवर ठेवली.

शिस्टर गाडीपर्यंत गेली आणि वळली. "नवसाबाई, मी आपलं रीत म्हणून म्हटलं! दे ती बरणी."

दोघी इतक्या हसल्या की गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मग हसता हसता दोघींना रडू आलं ते वेगळं.

छाया पुढं नर्सिंगचं शिकली, त्याच दवाखान्यात जखमा बांधायला लागली. दुसरं लग्न तिनं केलं नाही. दोनदा विचारणं आलं, दोन्ही वेळा आईनं तिच्याकडं बघितलं, तिनं मान हलवली, विषय संपला.

आणि नवसाबाई दर गुरुवारी शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, भाजलेल्या बायांच्या वॉर्डात डबा घेऊन जायची. नऊ वर्षांत एक गुरुवार चुकला नाही. दोन हजार आठच्या माघात, एका शुक्रवारी पहाटे ती झोपेतच गेली. त्याच्या आदल्या दिवशीचा गुरुवारही तसाच झाला.

साडेदहाला बस. डबा तीन बोटांनी धरलेला, खांदा एका बाजूला कललेला. वॉर्डात जळक्या कातडीचा आणि डेटॉलचा वास. कोपऱ्यातल्या खाटेवर एक नवी पोर होती, वीसेक वर्षांची, गळ्यापासून पोटापर्यंत भाजलेली, छातीवर जाळीची कमान ठेवून वर चादर घातलेली. शेजारी स्टुलावर सासू. सासू विचारायच्या आधीच बोलायला लागली, "स्टो भडकला ओ. नायलॉनची साडी. एवढं सांगते साधी नेस म्हणून."

"नाव काय गं तुझं?" नवसाबाईनं पोरीला विचारलं.

"तृप्ती," सासू म्हणाली.

"तिला विचारलं."

पोरीनं ओठ हलवले. "तृप्ती."

नवसाबाईनं मऊ खिचडी चमच्यानं भरवली. सहा चमचे खाल्ले पोरीनं, प्रत्येक घोटाला गळ्याची जखम ताणायची आणि तिचे डोळे पांढरे व्हायचे.

"अजून?"

"नको."

नवसाबाईनं डब्याचं झाकण लावलं.

"अहो वाढा ना," सासू म्हणाली. "लाजतीय ती. खाऊन उभी राहायला नको का लवकर? परवा घरी न्यायचं म्हणतोय मुलगा."

पोरीचे डोळे सासूकडं गेले, तिथून नवसाबाईच्या तुटक्या बोटांवर आले आणि तिथंच राहिले. "नको," ती म्हणाली. या वेळी खिचडीचं नव्हतं ते.

"नको म्हणाली ती," नवसाबाई सासूला म्हणाली. "मी ऐकलं. तुम्ही ऐकलंत?"

"अहो, पण..."

"नि आब्लार."

नवसाबाई नर्सकडं गेली. म्हणाली, कोपऱ्यातल्या पोरीचा जबाब पुन्हा घ्यायला लावा, ही बाई जवळ नसताना, आणि पेठ रोडला छाया आहे तिला फोन करा, खाट रिकामी आहे. नर्स तिला नऊ वर्षं ओळखत होती. फोनकडं हात गेला आणि दुसऱ्या हातानं तिनं सासूला बाहेरचा बाक दाखवला.

राहिलेल्या दोन खाटांना नवसाबाईनं खिचडी वाढली. एकीनं "वाढा" म्हटलं, एकीनं "नको" म्हटलं. नळावर डबा धुतला. स्टँडावर छायासाठी कोथिंबिरीची जुडी घेतली, भाजीवाली दोन जुड्या गळ्यात मारत होती, तर एकच घेतली. बसला गर्दी होती, उभ्यानं आली. घरी येऊन डबा दगडावर पालथा घातला, झाकण वेगळं, वाट्या वेगळ्या, निथळायला.

"आये, कशी होती आज?" छायानं आतून विचारलं.

"एक यायची हाय," ती म्हणाली. "उद्या तांदूळ जास्त टाक."